खाना चुकला, नोटीस आली

रिटर्नची मुदत उलटून दोन-तीन महिने झाले, की मला काही फोन हमखास येतात. समोरच्याचा आवाज दुखावलेला असतो. "अहो, मी एक रुपया लपवलेला नाही. सगळं दाखवलंय. मग नोटीस कशाची?" आणि बहुतेक वेळा माणूस खरंच बोलत असतो. रुपया दाखवलेला असतो, फक्त भलत्या खान्यात.

आयकर कायद्यात उत्पन्नाचे पाच खाने आहेत. कायद्याच्या भाषेत शीर्षं, सीएंच्या बोलण्यात हेड. पगार, घरापासूनचं उत्पन्न, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि जे यांपैकी कशातच बसत नाही ते 'इतर स्रोत'. १९६१ च्या कायद्यात हे कलम १४ मध्ये आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले, पण पाच खाने तसेच राहिले. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागतो. त्यामुळे त्या वर्षांच्या नोटिशीत जुनी कलमं दिसली तर ती खोटी समजू नका. या लेखातली कलमंही जुन्याच कायद्यातली आहेत.

आता कुणी म्हणेल, बेरीज तर तीच येते ना, मग आयकर खात्याला काय फरक पडतो? फरक पडतो, कारण प्रत्येक खान्याला वेगळी वजावट आहे. पगारातून सरसकट प्रमाणित वजावट मिळते, नव्या करप्रणालीत ७५,००० रुपये. घरभाड्यातून नगरपालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सूट मिळते, मग तुम्ही डागडुजीला दमडी खर्च केलेली असो वा नसो. व्यवसायात खर्च वजा होतो. भांडवली नफ्याला दर निराळा. तोट्याचे नियम तर प्रत्येक खान्याचे स्वतंत्र. म्हणून एकच रक्कम खाना बदलला की वेगळा कर लावून घेते.

सर्वाधिक गोंधळ 'पगार' या शब्दाने होतो. आपण महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या कुठल्याही पैशाला पगार म्हणतो, कायदा म्हणत नाही. भागीदारी संस्थेत भागीदाराला मिळणाऱ्या मोबदल्याला संस्थेच्या हिशोबात 'सॅलरी' लिहिलेलं असतं, पण करासाठी ते व्यवसायाचं उत्पन्न आहे. निवृत्त माणसाची स्वतःची पेन्शन पगारात जाते. त्याच्या पश्चात पत्नीला मिळणारी फॅमिली पेन्शन मात्र इतर स्रोतांत जाते. तिच्यावर ७५,००० ची नव्हे, तर एक तृतीयांश किंवा नव्या प्रणालीत २५,००० रुपये, यांतली कमी असेल ती वजावट मिळते. हे बाईंना कुणी सांगितलेलं नसतं. बँक तीच, तारीख तीच, पासबुकात 'पेन्शन' हा शब्दही तोच. चूक होणारच.

भाड्याचंही तसंच. स्वतःच्या मालकीच्या फ्लॅटचं भाडं घराच्या खान्यात. पण तुम्ही भाड्याने घेतलेली जागा पुढे दुसऱ्याला भाड्याने दिली, तर तुम्ही मालक नाही, म्हणून ते इतर स्रोत. मोकळ्या प्लॉटवर कुणी मांडव टाकायला जागा घेतली, तर तिथे इमारतच नाही, तेही सहसा इतर स्रोत. दोन्हीकडे ३० टक्के सूट लागू नाही, आणि लोक ती बिनधास्त घेतात. उलट काही मंडळी निवासी घरांचं भाडं धंद्यात दाखवून घसारा आणि इतर खर्च वजा करत असत. आकारणी वर्ष २०२५-२६ पासून, म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या उत्पन्नापासून, कायद्यातच लिहून टाकलं आहे, की मालकाने निवासी घर भाड्याने दिलं तर ते घराच्याच खान्यात दाखवायचं.

शेतीचं नाव घेतलं की सगळं माफ, ही आणखी एक समजूत. रोपवाटिकेचं उत्पन्न शेतीत धरतात. दूध आणि कोंबडीपालनाचं धरत नाहीत, गोठा शेतातच असला तरी.

शेअर बाजारातली घोटाळ्याची जागा म्हणजे एकाच ब्रोकरच्या एकाच अ‍ॅपमधून होणारे तीन प्रकारचे व्यवहार. शेअर घेऊन ठेवले आणि नंतर विकले तर सर्वसाधारणपणे भांडवली नफा. सकाळी घेऊन दुपारी विकले, डिलिव्हरी घेतलीच नाही, तर तो सट्ट्याचा धंदा. फ्युचर्स-ऑप्शन्स हाही धंदाच, पण शेअर बाजारात झालेले हे व्यवहार सट्ट्यात मोडत नाहीत. तिन्ही 'कॅपिटल गेन'मध्ये टाकून आयटीआर-२, म्हणजे धंद्याचं उत्पन्न नसलेल्यांचा रिटर्नचा फॉर्म, भरणारे पुष्कळ. वास्तविक धंद्याचं उत्पन्न आलं, की आयटीआर-३ कडे जावं लागतं. ज्यांनी बारा महिन्यांहून जास्त काळ सूचीबद्ध शेअर धरून ठेवले, त्यांना थोडा दिलासा आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ च्या परिपत्रक क्रमांक ६ मध्ये म्हटलं आहे, की असा नफा करदात्याने भांडवली नफा म्हणून दाखवला तर अधिकाऱ्याने वाद घालू नये. अट एकच, पुढच्या वर्षांतही तीच भूमिका ठेवायची. नफा झाला की कॅपिटल गेन आणि तोटा झाला की धंदा, असं चालणार नाही.

आता नोटिशीकडे वळू.

आधी ती खरी आहे का ते पाहा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर डीआयएन नावाचा ओळख क्रमांक असतो. आयकराच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तो टाकून पत्राची खातरजमा करता येते. ईमेलमधल्या लिंकवर टिचकी मारू नका. पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा, लॉगिन करा आणि 'पेंडिंग अ‍ॅक्शन्स'मधल्या 'ई-प्रोसिडिंग्ज'मध्ये जा. नोटीस खरी असेल तर तिथे दिसायला हवी. ईमेलने आलेली पीडीएफ उघडत नसेल तर बहुधा पासवर्ड म्हणजे लहान लिपीतला पॅन आणि त्यापुढे सलग जन्मतारीख.

मग कलम वाचा. मजकुराआधी कलम, कारण मुदत आणि गांभीर्य दोन्ही त्यावरून कळतं. १३९(९) म्हणजे तुमचं रिटर्न सदोष आहे. चुकीचा फॉर्म वापरला, किंवा टीडीएसचं, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेल्या कराचं, श्रेय मागितलं पण त्यामागची जमा त्या खान्यात दिसत नाही, असं काहीतरी. खाना चुकलेल्यांना बहुधा हीच नोटीस येते. उत्तराला १५ दिवस. अर्ज केला तर मुदत वाढू शकते. पण दुर्लक्ष केलं तर रिटर्न अवैध ठरतं, म्हणजे भरलंच नव्हतं असं धरलं जातं. मग उशिराचं शुल्क आलं, रिफंड अडकला आणि तोटा पुढच्या वर्षी ओढण्याचा हक्कही गेला. १४३(१)(अ) खालचं पत्र म्हणजे संगणकाने सुचवलेली दुरुस्ती. उत्तराला ३० दिवस, गप्प राहिलात तर दुरुस्ती होऊन जाते. १४३(२) ही मात्र छाननीची नोटीस. रिटर्न ज्या आर्थिक वर्षात भरलं ते संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती यावी लागते. ती आली असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि जाणता सीए गाठा.

पहिल्या दोन प्रकारांत समोर माणूस नसतो, हे लक्षात घेतलं की निम्मी भीती जाते. बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रातला संगणक दोन आकडे शेजारी ठेवतो. एक तुमच्या रिटर्नमधला, दुसरा फॉर्म २६एएस किंवा एआयएसमधला, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराची आणि व्यवहारांची खात्याकडे जी नोंद असते तिच्यातला. त्याला दिसतं, की टीडीएस १९४जे खाली, म्हणजे व्यावसायिक शुल्कावर कापलाय, आणि रिटर्नमध्ये व्यवसायाचा खाना रिकामा. एवढ्यावरून तो विचारतो. आरोप करत नाही, विचारतो.

यातून एक गोष्ट निघते, जी मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. टीडीएस कुठल्या कलमाखाली कापला, त्यावर उत्पन्नाचा खाना ठरत नाही. तो उत्पन्नाच्या स्वरूपावर ठरतो. पैसे देणाऱ्याच्या अकाउंट्समधल्या माणसाने १९४जे निवडलं म्हणून तुम्ही व्यावसायिक होत नाही आणि १९२, म्हणजे पगारावरच्या टीडीएसचं कलम, निवडलं म्हणून नोकर होत नाही. कलम हा फक्त इशारा. म्हणूनच नोटीस आल्यावर पहिला प्रश्न 'उत्तर काय लिहू' हा नाही. पहिला प्रश्न असा, की चुकलं कोण, मी की टीडीएस कापणारा?

एक उदाहरण घेऊ. नावं-गावं सोडून देतो, आकडेही सोपे करतो.

एक तरुण डॉक्टर एका खासगी रुग्णालयात काम करते. महिन्याला ८०,००० रुपये, वर्षाला ९,६०,०००. रुग्णालय दर महिन्याला १० टक्के कापून घेतं, वर्षाचे ९६,०००. ती याला पगार म्हणते. आर्थिक वर्ष २०२४-२५ चं रिटर्न तिने नव्या प्रणालीत आयटीआर-१ वर, म्हणजे पगारदारांच्या साध्या फॉर्मवर, भरलं, पगार ९,६०,०००, वजावट ७५,०००, उरले ८,८५,०००. कर उपकरासह ४०,०४०. बाकीचा रिफंड मागितला. आली १३९(९) ची नोटीस.

आता करार काढायचा. त्यात 'सल्लागार' लिहिलंय का? हक्काची रजा आहे का, भविष्य निर्वाह निधी कापतात का, कामाच्या वेळा आणि पद्धत रुग्णालय ठरवतं का, दुसरीकडे काम करायला मोकळीक आहे का? फॉर्म १६, म्हणजे पगारावरच्या टीडीएसचा दाखला, मिळाला की १६ए, म्हणजे इतर रकमांवरच्या टीडीएसचा? नोकरीत मालक काम कसं करायचं तेही सांगतो, व्यवसायात फक्त काय हवं ते सांगतो. हा फरक ढोबळ आहे, पण कामाचा. हिच्या करारात ती सल्लागार होती, निधी नव्हता, संध्याकाळी स्वतःचा दवाखाना चालवायला परवानगी होती. म्हणजे हे व्यवसायाचं उत्पन्न. चूक तिची.

पण गंमत पुढे आहे. वैद्यकीय व्यवसायाला कलम ४४एडीए लागू होतं. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल, किंवा रोखीतली जमा ५ टक्क्यांहून जास्त नसेल तर ७५ लाखांच्या आत, तर जमेच्या निदान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची. खर्चाची बिलं जपत बसायला नको. म्हणजे ४,८०,०००. त्या वर्षी नव्या प्रणालीत ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ८७ए ची सूट होती. कर शून्य. योग्य खान्यात गेल्यावर तिचा रिफंड ५५,९६० वरून ९६,००० वर गेला. नोटिशीच्या धसक्याने तिची झोप उडाली होती, आणि चुकीमुळे ती स्वतःच जास्त कर भरायला निघाली होती.

हे दर वेळी असं गोड होत नाही. कुणी दिवसाच्या दिवसात घेऊन-विकून २,००,००० कमावले आणि ते अल्पकालीन भांडवली नफ्यात दाखवून २० टक्के भरले. तो माणूस ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर फरक २०,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे २०,८०० रुपये आणखी. शिवाय आगाऊ कर कमी भरला म्हणून महिना १ टक्का दराने व्याज. अशा वेळी भांडण न करता कर, व्याज भरून चलनाचा तपशील दुरुस्त रिटर्नमध्ये टाकणं हेच स्वस्त पडतं. छाननीत प्रकरण गेलं आणि उत्पन्न कमी दाखवल्याचा ठपका बसला, तर कलम २७०ए खाली त्या करावर ५० टक्के दंड आहे आणि मुद्दाम चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर २०० टक्के. मात्र त्याच कलमात अशीही सोय आहे, की स्पष्टीकरण प्रामाणिक असेल आणि सगळी वस्तुस्थिती उघड केलेली असेल, तर ती रक्कम कमी दाखवलेल्या उत्पन्नात धरायची नाही. खाना चुकला पण रक्कम पूर्ण दाखवली, ही गोष्ट इथे तुमच्या बाजूने उभी राहते. म्हणून ती उत्तरात पहिल्या दोन ओळींत आलीच पाहिजे.

तिसरी शक्यता अशी, की खाना चुकला पण कर दोन्हीकडे सारखाच. वर्षाला ३,६०,००० फॅमिली पेन्शन असलेल्या बाईंनी ती पगारात दाखवली, दुसरं उत्पन्न नाही. इकडूनही कर शून्य, तिकडूनही शून्य. त्यांचा मुलगा म्हणतो, मग उत्तर कशाला द्यायचं? द्यायचं, कारण नोटीस कर किती असं विचारतच नाहीये.

चूक तुमची असेल तर पोर्टलवर 'सहमत' निवडून दुरुस्त रिटर्न नोटिशीच्या उत्तरातच चढवायचं. सुधारित रिटर्नची मुदत शिल्लक असेल तर तेही भरता येतं. मुदत गेली असेल तर नोटिशीचं उत्तर हाच रस्ता. इथे एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे, की वेगळी सांगतो. लोक नव्या खान्यात रक्कम घालतात आणि जुन्या खान्यातून काढायला विसरतात. ९,६०,००० पगारातही राहतात आणि व्यवसायातही येतात. संगणक निमूटपणे दोन्हींवर कर लावतो. 'सबमिट' दाबायच्या आधी एकूण उत्पन्नाचा आकडा जुन्या रिटर्नशी ताडून पाहा आणि तो बदलला असेल तर का बदलला, हे स्वतःला एका वाक्यात सांगता येतंय का बघा.

चूक टीडीएस कापणाऱ्याची असेल तर 'असहमत' निवडायचं आणि कारण लिहायचं. बरेच जण इथे निबंध लिहितात. आजारपण, सीएने केलेला घोळ, प्रामाणिक करदाता असल्याची ग्वाही. यातलं काहीही वाचणाऱ्याच्या उपयोगाचं नाही. त्याला एकच हवं असतं, तुमच्या २६एएसमधला हा आकडा रिटर्नमध्ये नेमका कुठे बसलाय. पत्ता द्या. उत्तर पोर्टलवर बहुतेक लोक इंग्रजीत देतात, पण त्याचा सांगाडा मराठीत असा:

"फॉर्म २६एएसमध्ये अमुक कंपनीने कलम १९४जे खाली ६,००,००० रुपये दिल्याचं दिसतं. मी या कंपनीत नोकरीला आहे, नियुक्तिपत्र सोबत जोडलं आहे. ही संपूर्ण रक्कम रिटर्नच्या पगाराच्या परिशिष्टात दाखवलेली आहे. तिच्याव्यतिरिक्त या कंपनीकडून दुसरं उत्पन्न नाही. कंपनीला टीडीएस विवरणपत्रात कलमाची दुरुस्ती करण्याची लेखी विनंती केली आहे, तिची प्रत जोडली आहे."

एवढंच. विशेषण एकही नाही. रकमा अनेक असतील तर छोटा तक्ता करा, डावीकडे २६एएसमधला आकडा, मध्ये रिटर्नमधलं परिशिष्ट, उजवीकडे फरक आणि त्याचं कारण. कारणं बहुधा साधी असतात. बिलात जीएसटी धरलेला असतो, किंवा मार्चअखेर कापलेल्या टीडीएसमागचं उत्पन्न तुम्ही पुढच्या वर्षी दाखवणार असता. दुसऱ्या बाबतीत टीडीएसचं श्रेयही पुढच्याच वर्षी घ्यायचं, यंदा नाही. उत्पन्न पुढे ढकलून टीडीएस मात्र आत्ता मागितला, तर नोटीस येणं अगदी रास्त आहे.

एआयएसमध्येच एखादी नोंद चुकीची असेल तर तिथे प्रतिसाद नोंदवण्याची सोय आहे. माहिती पूर्णपणे बरोबर नाही, दुसऱ्या वर्षाची आहे, दोनदा आली आहे, असे पर्याय मिळतात. पण तो प्रतिसाद म्हणजे नोटिशीचं उत्तर नव्हे. दोन्ही वेगळे. एआयएसमध्ये टिचकी मारून निर्धास्त बसलेल्यांची नोटिशीची मुदत उलटून गेलेली मी पाहिली आहे.

उत्तर चढवल्यावर पोचक्रमांक येतो, तो जपून ठेवा. नंतर १४३(१) खाली अंतिम सूचनापत्र येईल. त्यात तुमच्या उत्तराकडे काणाडोळा करून मागणी काढली असेल आणि चूक कागदावरच उघड दिसत असेल, तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आदेश ज्या आर्थिक वर्षात निघाला ते संपल्यापासून चार वर्षांपर्यंत. मुद्दा वादाचा असेल, म्हणजे हे नोकरीचं की व्यवसायाचं असा, तर दुरुस्ती अर्जाने भागत नाही, अपील करावं लागतं आणि त्याला ३० दिवसच असतात.

शेवटी मागच्या वर्षांचं. नोटीस एका वर्षाची आली, पण तीच चूक तुम्ही आधीच्या दोन वर्षांतही केलेली असणं सहज शक्य आहे. त्यात कर कमी भरला गेला असेल तर अद्ययावत रिटर्नची वाट आहे, आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत. मात्र जितका उशीर तितका जादा कर, २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत. उलट आपलेच पैसे जास्त गेले असतील तर या वाटेने परत मागता येत नाहीत. आमच्या डॉक्टरबाईंनी आदल्या वर्षीही आयटीआर-१ च भरलं होतं. तेव्हा नोटीस आली नव्हती, आणि तो रिफंड मात्र गेला तो गेलाच.